डबल मार्कर चाचणीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

आपला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. आपल्या पत्नीच्या डबल मार्कर चाचणीचा (गर्भातील बाळाला डाऊन सिंड्रोम हा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल आमच्या डिचोलीच्या प्रयोगशाळेने ‘जास्त जोखीम, 1:190’ असा दिला, त्यामुळे ऐन चवथीत घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधण्याचेही कुणाला मन राहिले नाही, आणि पुढे गर्भजल तपासणीत बाळाची गुणसूत्रे व्यवस्थित असल्याचे कळले; म्हणून आमचा अहवाल खोटा होता, असे आपण लिहिले आहे. सोनोग्राफीचा कागद नाही म्हणून पहिल्या दिवशी वाळपईला परत पाठवले आणि घरच्या बाईला ‘सिगारेट ओढता का’ असे विचारून अपमान केला, याही आपल्या तक्रारी आहेत आणि आपण पैसे परत मागितले आहेत. अहवालातील आकडा आपणच जाहीर केला असल्यामुळे मी त्याविषयी बोलते. त्यापलीकडचा आपल्या पत्नीचा एकही तपशील येथे देणार नाही.

बाळ सुखरूप आहे हे वाचून आम्हा सर्वांना मनापासून बरे वाटले. मात्र गर्भजल तपासणीचा निकाल आणि आमचा अहवाल यांत विरोध नाही. 1:190 याचा अर्थ असा की, हाच आकडा आलेल्या 190 गर्भवती एकत्र धरल्या तर सरासरीने त्यांतील एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असतो आणि 189 बाळांना नसतो. आपले बाळ त्या 189 मधले आहे. आमच्या अहवालात 1:250 ही सीमा धरलेली आहे आणि त्याहून जास्त शक्यता दिसली की ‘जास्त जोखीम’ असे छापले जाते, ते एवढ्याचसाठी की डॉक्टरांनी पुढच्या निश्चित तपासणीचा पर्याय आपल्यासमोर ठेवावा. ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे. रक्ततपासणी आणि एन.टी. स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) एकत्र केल्यास डाऊन सिंड्रोम असलेल्या 100 गर्भांपैकी साधारण 85 ते 90 हेरले जातात, परंतु त्यासाठी निरोगी गर्भ असलेल्या 100 पैकी सुमारे 5 स्त्रियांनाही ‘जास्त जोखीम’ असा अहवाल मिळतो. ही सीमा कडक करून कमी घरांना घाबरवणे शक्य आहे, पण मग जी बाळे हेरायला हवीत त्यांतली अधिक निसटतील. ‘कमी जोखीम’ हा शेराही म्हणूनच हमी ठरत नाही, हे अन्य वाचकांनीही ध्यानात घ्यावे.

सोनोग्राफीच्या कागदाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण या चाचणीचा सगळा भरवसा तेथेच आहे. आम्ही रक्तात दोन पदार्थ मोजतो: फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भात पहिला सरासरीपेक्षा जास्त आणि दुसरा कमी असण्याकडे कल असतो. पण निरोगी गर्भातही या आठवड्यांत पॅप-ए झपाट्याने वाढत असते आणि बीटा एचसीजी उतरत असते. त्यामुळे गर्भ प्रत्यक्षात 11 आठवड्यांचा असून आम्ही पाळीच्या अंदाजी तारखेवरून तो 13 आठवड्यांचा धरला, तर पॅप-ए उगाच कमी आणि बीटा एचसीजी उगाच जास्त भासेल, आणि दोन्ही चुका मिळून निरोगी बाळावर जोखमीचा शिक्का बसेल. म्हणून सीआरएल, म्हणजे बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, आणि मानेमागची एन.टी. ही दोन्ही मापे असलेला कागद नसेल तर आम्ही नमुना घेत नाही. ही चाचणी 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस एवढ्याच काळात होते. पहिल्या दिवशी आपली फेरी वाया गेली त्याचे वाईट वाटते, तरी कागदाशिवाय काढलेला आकडा आपल्या हाती देणे अधिक अन्यायाचे झाले असते.

धूम्रपानाचा प्रश्न आम्ही प्रत्येकीला विचारतो, त्यात कुणाच्या चारित्र्याविषयी शंका नसते. धूम्रपानाने पॅप-ए घटते, वजन जास्त असेल तर दोन्ही पदार्थ रक्तात विरळ होतात, आणि आयव्हीएफ, मधुमेह व जुळी गर्भधारणा यांनीही गणित बदलते. हे सारे धरूनच, आईच्या वयासह, अंतिम आकडा निघतो.

आपल्या अभिप्रायातील एक वाक्य मला सर्वांत जास्त लागले: अहवाल आल्यावर घरात सुनेच्या माहेरच्या रक्तावर बोट ठेवले गेले. कृपया घरच्यांना हे अवश्य सांगावे की डाऊन सिंड्रोममध्ये 21 वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, आणि बहुतेक वेळा हे बीजनिर्मितीच्या वेळी आपोआप घडते. अशा वेळी ते कुणाच्या घराण्यातून आलेले नसते. आईच्या वयानुसार शक्यता वाढते हे खरे, तथापि हा तिचा दोष ठरत नाही.

थेट एनआयपीटी का सुचवली नाही, असेही आपण विचारता. आईच्या रक्तातील वारेच्या डीएनएचे तुकडे तपासणारी ती चाचणी 10 व्या आठवड्यापासून करता येते आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या 100 पैकी सुमारे 99 गर्भ हेरते. परंतु ती बरीच महाग आहे, आणि तिच्यात दोष दिसला तरी खात्रीसाठी गर्भजल तपासणी लागतेच. कोणती चाचणी करायची हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात. आम्ही त्यांनी लिहून दिलेली करतो.

पैसे परत करण्याची विनंती मला मान्य करता येत नाही. आपण दुखावला आहात म्हणून ती रक्कम दिली, तर अहवाल चुकीचा होता असे मी लिहून दिल्यासारखे होईल, आणि असाच आकडा हाती आलेली पुढची बाई गर्भजल तपासणीचा सल्ला कशाला मानेल? मात्र आपण दोघे अहवाल घेऊन प्रयोगशाळेत आलात तर मी स्वतः बसून त्यातली प्रत्येक ओळ समजावून सांगेन, त्याचे शुल्क नाही. पॅप-ए फारच कमी असेल तर गुणसूत्रे व्यवस्थित असूनही पुढे बाळाची वाढ आणि आईचा रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते, म्हणून तो कागद फाडून न टाकता डॉक्टरांना पुन्हा दाखवावा. गर्भजल तपासणीत बाळाचे अवयव दिसत नाहीत. 18 ते 20 आठवड्यांची अॅनोमली सोनोग्राफी अजून झाली नसेल तर तीही करून घ्यावी.