पाच दिवसांआडचं पाणी आणि तुरुंगातल्या बायका : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुरुंगातल्या बायकांना पाळीत पाणी आणि पॅड मिळावेत, या माझ्या लेखावरचं तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सोलापुरात आम्हा सरळमार्गी बायकांना पाच दिवसांआड पाणी, पॅड स्वतःच्या पैशाने, मग जेलमधल्या गुन्हेगार बायकांना फुकट कशाला? केलंय, तर भोगू दे.

पाण्याचं अगदी खरं. आमच्याकडेही नळ आला की पिंपं, घागरी, दुधाची पातेलीसुद्धा भरून निघतात. पिंपाचा तळ दिसायला आणि पाळी यायला एकच दिवस उजाडला की काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू? पण तेव्हाही शेजारणीकडून बादलीभर पाणी मिळतं. मेडिकलवाला पॅडचं पुडकं काळ्या पिशवीत घालून देतो. कपडा वापरणारी तो धुऊन दोरीवर परकराखाली लपवून वाळवते. पण जेलच्या बराकीत पाणी कधी सुटणार, पॅड किती मिळणार, वापरलेलं टाकायचं कुठे, सगळं दुसऱ्याच्या हातात. इतक्या जणींत कपडा वाळवायला आडोसा कुठला? मग तो दमटच पुन्हा घेतला जातो, आणि खाज, जळजळ सुरू.

आता ‘गुन्हेगार’. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर ४ कैद्यांपैकी ३ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. आणि निकाल लागलेलीला कोर्ट अमुक वर्षं कैद सुनावतं. पाणी तोडा, असं त्यात लिहिलेलं नसतं. माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात १९७८ सालीच सांगितलंय.

‘फुकट’ ही माझी कल्पना नाही हो. केंद्राच्या २०१६ च्या नमुना तुरुंग नियमावलीत बराकीत १० जणींमागे १ संडास, माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि गरजेप्रमाणे निर्जंतुक पॅड असं आहे. ‘गरजेप्रमाणे’, महिन्याला मोजून इतके असं नाही. तुरुंग राज्याच्या अखत्यारीत, त्यामुळे केंद्राचा तो नमुनाच राहतो, राज्यावर बंधन नाही, ही खरी मेख.

“उद्या त्यांच्या पोरांचेही लाड करा,” हे तुम्ही टोमण्याने लिहिलंत, पण लेखात पोरं राहूनच गेली होती, ती चूक माझी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार ६ वर्षांपर्यंतचं मूल तुरुंगात आईजवळ राहू शकतं. त्याचे लंगोटही त्याच बादलीत धुवायचे. लेखात ही भर आजच घालते.

बाकीचं पुन्हा कधीतरी. पहाटे आमच्या गल्लीत पाणी आहे, पिंपं घासायचीत.