‘आउट ऑफ प्रिंट’ म्हणजे मास्टर टेप गेली, असं नाही

‘अल्बम आउट ऑफ प्रिंट झाला की त्याची मास्टर टेप (मूळ ध्वनिमुद्रणाची टेप) संपली, आता तो पुन्हा निघणार नाही, मिळेल त्या भावाला घ्या’ असा एक संदेश जॅझच्या रेकॉर्डप्रेमींमध्ये फिरतोय. हे खरं नाही, आणि यापायी नवखी माणसं भरमसाट पैसे मोजतात, म्हणून हा खुलासा.

आउट ऑफ प्रिंट म्हणजे कंपनीने प्रती काढणं थांबवलं, एवढंच. खप कमी होतो किंवा परवान्याची मुदत संपते. १९८३ मध्ये सुरू झालेल्या मोझेक रेकॉर्ड्स या जॅझ कंपनीचे संच परवान्यावर, ठरावीक संख्येतच निघत आले. टेप जळाल्याचीही उदाहरणं आहेत, २००८ ची हॉलिवूडमधली युनिव्हर्सल स्टुडिओची आग त्यातलीच. पण तो अपवाद. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीने २०१९ पासून ‘टोन पोएट’ मालिकेत कितीतरी जुने अल्बम मूळ टेपवरून पुन्हा काढले.

पहिल्या आवृत्तीचं मोल वेगळं, ते मलाही मान्य आहे. फक्त ती ओळखायला कव्हर पुरत नाही. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. शेवटच्या खाचा आणि लेबल यांमधल्या गुळगुळीत पट्टीत १९६६ च्या आधीच्या ब्लू नोटवर बहुधा कानाच्या आकाराची बारीक खूण दिसते, ती या रेकॉर्ड्स बनवणाऱ्या प्लॅस्टिलाइट कारखान्याची. शेजारी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची ‘आरव्हीजी’ (RVG) अक्षरं असतात. पण ती नंतरच्या प्रतींवरही सापडतात, तेव्हा नुसत्या अक्षरांवर भरवसा ठेवू नका.

आणि हो, छपाई थांबली तरी कॉपीराइट संपत नाही.