स्कॉलरशिप म्हणे! आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा

"आमच्याकडे होप स्कॉलरशिपमुळे ट्यूशन, म्हणजे कॉलेजची फी, माफ असते, तुम्ही अप्लाय नाही केलं?" अमेरिकेत बारावीला पोर असलेल्यांच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑक्टोबर उजाडला की हे वाक्य पडतंच. सांगणारी मावशी जॉर्जियातल्या अटलांटाची, ऐकणारी न्यू जर्सीतल्या एडिसनची. अहो, होप स्कॉलरशिप जॉर्जियाची आहे! जॉर्जियाच्या लॉटरीचा पैसा, जॉर्जियाचे रहिवासी, जॉर्जियातलीच कॉलेजं. न्यू जर्सीच्या पोराला तिचा उपयोग शून्य. पण सल्ले द्यायला काय जातंय!

बरं, जॉर्जियात राहणाऱ्यांना तरी सुख आहे का? जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, 3.0 हवा, पण शाळेच्या मार्कशीटवरचा नव्हे. स्कॉलरशिपवाले तो स्वतः पुन्हा मोजतात. फक्त इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि परकीय भाषा. बँड आणि आर्टमधले ए गेले वाऱ्यावर. झेल मिलर, म्हणजे होपचीच वरची पायरी, तिच्यासाठी 3.7 आणि वर एसएटी या प्रवेश परीक्षेत 1200. घरी 3.8 म्हणून पेढे वाटायचे आणि मोजून झाल्यावर 3.6 निघायचा.

फ्लोरिडाची ब्राइट फ्यूचर्स वेगळीच. वरच्या पातळीला 3.5 जीपीए, एसएटीची अट आणि 100 तास सेवा किंवा नोकरी. तासांची नोंद शाळेकडे वेळेत गेली नाही तर काम केलं असूनही नाही केल्यासारखंच. वेगळा अर्ज भरावा लागतो, तोही हायस्कूल संपल्यावर येणाऱ्या 31 ऑगस्टच्या आत. नंतर कितीही मार्क दाखवा, दार बंद. न्यूयॉर्कची एक्सेलसियर ऐकायला झकास: स्टेटच्या कॉलेजात ट्यूशन माफ. पण घरचं उत्पन्न 1,25,000 डॉलरच्या आत हवं, म्हणजे दोघं आयटीत असतील तर रामराम. वर्षाला 30 क्रेडिट पूर्ण करायचे. आधी इतर ग्रँट वजा होतात, उरलेल्या ट्यूशनलाच पैसे. राहण्या-जेवणाला छदाम नाही. आणि जितकी वर्षं घेतली तितकी पुढे न्यूयॉर्कातच राहायचं, नाहीतर त्याचं कर्ज होतं! ही शेवटची ओळ कुणीच का वाचत नाही?

शेजारच्या राज्यात स्वस्तात शिकायची सोय आहे, तीही अर्धवट. पश्चिमेकडच्या राज्यांमध्ये एकमेकांच्या मुलांसाठी डब्ल्यूयूई नावाची सवलत आहे. त्यात त्या राज्यातल्या रहिवाशांच्या ट्यूशनच्या जास्तीत जास्त दीडपट भरावी लागते. ऐकून जीव भांड्यात पडतो. मग कळतं की कुठली कॅम्पस आणि कुठले विषय यात घ्यायचे ते कॉलेज ठरवतं. नर्सिंग, इंजिनिअरिंग अनेक ठिकाणी बाहेर. म्हणून कॉलेजचं नाव यादीत दिसलं की उड्या मारू नका, आपला मेजर, म्हणजे मुख्य विषय, यादीत आहे का ते आधी बघा.

फॉर्मचा ताप वेगळाच. फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा फॉर्म, 'सोपा' केला म्हणे. 2024-25 चा फॉर्म ऑक्टोबरऐवजी डिसेंबर 2023 च्या शेवटच्या दिवसांत उघडला. शिवाय दोन भावंडं एकाच वेळी कॉलेजात असली तर पूर्वी पालकांचा हिस्सा विभागला जायचा, ती सूट त्या 'सोप्या' फॉर्मने काढून टाकली. जुळ्यांच्या आईबापांनी काय करावं? अनेक खासगी कॉलेजं वर सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक फॉर्म मागतात, जो अनेकांना पैसे भरूनच पाठवावा लागतो. फाफ्सा राहतं घर मालमत्तेत मोजत नाही, सीएसएस घेणारी बरीच कॉलेजं मोजतात. महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलला आपण शिव्या घालतो, पण तिथे निदान पोर्टल तरी एकच असतं! एच-4 वरच्या, म्हणजे आईबापांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांना तर फाफ्साची केंद्रीय मदत मिळतच नाही, भले ती बालवाडीपासून इथे शिकलेली असोत.

आणि सगळ्यात संतापजनक ते अवॉर्ड लेटर, म्हणजे किती मदत मिळणार ते सांगणारं कॉलेजचं पत्र! एकाच रकान्यात सगळं. ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, 12,000. खाली लोन 5,500. खाली वर्क-स्टडी 2,500. आणि बेरीज? 'तुमची मदत 20,000 डॉलर'! अरे, लोन ही मदत? ते व्याजासकट फेडायचंय! वर्क-स्टडी म्हणजे पोराने तासावर काम करून कमवायचे पैसे, तेही काम मिळालं तर. फीच्या बिलातून ते वजाच होत नाहीत. त्यामुळे गणित स्वतःच करायचं: एकूण खर्च, म्हणजे ट्यूशन, राहणं-खाणं, पुस्तकं आणि प्रवास, त्यातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा. उरलं ते तुमच्या खिशातून. आणखी एक: ती रक्कम चारही वर्षं मिळणार की फक्त पहिल्या वर्षी, आणि टिकवायला किती जीपीए लागेल, हे विचारा. शाळेत 4.0 मिळवणारं पोर कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला 2.9 वर येतं आणि पैसे जातात.

एवढ्यावर थांबतील तर शपथ. पोराने रात्री जागून निबंध लिहिले, बाहेरच्या एका संस्थेची 2,000 ची स्कॉलरशिप मिळवली. कॉलेजला कळवावी लागतेच. आणि बरीच कॉलेजं काय करतात? स्वतःच्या ग्रँटमधून 2,000 कापतात! पोराच्या कष्टाचा फायदा कॉलेजला. मेरीलँडने 2017 मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना याबाबतीत कायद्याने लगाम घातला, नंतर आणखी काही राज्यांनी. बाकी बऱ्याच ठिकाणी राजरोस चालू. त्यामुळे बाहेरच्या स्कॉलरशिपसाठी जीव काढण्याआधी कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे मदतीचं काम बघणाऱ्या ऑफिसला, ईमेल टाका: बाहेरचे पैसे आले तर तुम्ही आधी काय कमी करता, लोन आणि वर्क-स्टडी की ग्रँट? उत्तर लेखी घ्या, 1 मेला जागा पक्की करायचं डिपॉझिट भरायच्या आधी. फोनवर गोड बोलतात, तेवढ्यावर राहू नका.