ताट दाखवा, शील सांगतो

माणसाची पारख करायला त्याच्याशी बोलत बसायची काही गरज नाही. डब्याचं झाकण उघडलं की काम झालं. कांद्याचा वास आला तर माणूस तापट, लसणाचा आला तर विषयासक्त, आणि सुकटीचा आला तर पुढची चौकशीच नको. फ्लॅट कालच दुसऱ्याला दिला म्हणून सांगून मोकळे व्हा.

स्वतःचं शील सुधारायचं असेल तर सोमवार धरा. साबुदाण्याची खिचडी करा. बटाटा हवाच, दाण्याचं कूट सढळ हाताने, मिरच्या दोन जास्त, आणि तूप कढईच्या कडेने सुटेपर्यंत. ती खाऊन दुपारभर जी गुंगी येते तिलाच सात्त्विकता म्हणतात. साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सगळी मंडळी कोलंबसानंतर अमेरिका खंडातून जहाजाने आली, हे मात्र सासूबाईंसमोर काढू नका. लसूण कितीतरी आधीपासून इथला, म्हणून तो तामसी. घरच्या माणसाला कधी मान असतो का!

गीतेचा सतरावा अध्यायही हाताशी ठेवा. त्यात फार तिखट ते राजस आणि प्रहर उलटून गेलेलं ते तामस. (ठेचा आणि फोडणीची पोळी आवडत असेल तर हे पान भरभर उलटावं.) म्हणजे शिळी भाकरी बांधून रानात जाणारा शेतकरी तामसी, आणि त्याच्याच ज्वारीची गरम भाकरी लोण्याशी खाणारे आपण सात्त्विक.

ताकदीचं गणित वेगळं. राजकोटच्या शाळकरी मोहनदासला मित्राने पटवलं होतं की इंग्रज मांस खातात म्हणून राज्य करतात. त्याने नदीकाठी चोरून बकऱ्याचं मांस खाल्लं आणि रात्रभर पोटात बकरा ओरडत राहिला. पुढे इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा आहारात शेळीचं दूध होतं. असली उदाहरणं जिममध्ये सांगू नयेत, ट्रेनर नाराज होतो.

तरी मुलगा अगदीच काडी असेल आणि डॉक्टरांनी अंडं सांगितलं, तर ते औषध धरतात. वेगळं पातेलं घ्या, गॅलरीत शेगडी मांडा, उदबत्ती लावा. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या सोसायटीच्या कचऱ्यात टाका. त्यांचं चारित्र्य तसंही बिघडलेलंच आहे.