ट्रेव्हर-रोपर, हिटलरच्या डायऱ्या आणि दाजींचा फॉरवर्ड

माझी भाची बीएला इतिहासच घेणार म्हणून हटून बसली आहे. तिचं मन वळवायला दाजींनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि काकामंडळींनी लगेच हात जोडले. मजकूर थोडक्यात असा: ऑक्सफर्डचा प्रोफेसर ह्यू ट्रेव्हर-रोपर जन्मभर हिटलरवर जगला, महिनोन्‌महिने अभ्यास करून त्याने हिटलरच्या बनावट डायऱ्या खऱ्या ठरवल्या, ऑक्सफर्डने त्याला हाकललं. साधा माणूसही ओळखेल ते याला कळलं नाही, मग इतिहासकारांचं ऐकायचं कशाला?

खरं आहे तेवढं आधी देऊन टाकतो. एप्रिल 1983 मध्ये ट्रेव्हर-रोपर यांनी लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकात स्वतःच्या नावाने या डायऱ्या अस्सल असल्याचं लिहिलं. त्या लिहिल्या होत्या कोनराड कुयाऊ नावाच्या भामट्याने. घोडचूकच ती.

पण महिनोन्‌महिने? झुरिकच्या एका बँकेत एक दुपार, बस्स! कागद तपासून झालाय असं त्यांना सांगितलं गेलं, ते खोटं होतं. हस्ताक्षरतज्ज्ञांना ताडून बघायला जे नमुने दिले, त्यांतही कुयाऊचीच करामत होती. डायऱ्यांची बातमी ‘संडे टाइम्स’मध्ये छापायच्या आदल्या तासांत शंका कळवली ती ट्रेव्हर-रोपर यांनीच. दोन्ही वृत्तपत्रांचे मालक रूपर्ट मर्डॉक म्हणाले, छापा. सोमवारी हॅम्बुर्गच्या पत्रकार परिषदेत ट्रेव्हर-रोपर यांनी उघडपणे पाय मागे घेतला. मे महिन्यात जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने निकाल लावला: कागदात युद्धानंतरचं रसायन, आणि मजकूर हिटलरच्या भाषणांच्या छापील संग्रहातून चुकांसकट उचललेला. हे पकडणारे जुन्या दप्तरांत आयुष्य घालवणारे लोक होते, फॉरवर्डमधला ‘साधा माणूस’ नव्हे.

हाकलल्याची गोष्ट तर निव्वळ थाप. 1957 पासून ते ऑक्सफर्डला इतिहासाचे रीजियस प्रोफेसर, म्हणजे राजनियुक्त प्राध्यापक होते, 1980 मध्ये केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजचे मास्टर, म्हणजे प्रमुख झाले आणि 1987 पर्यंत तिथेच होते. तिथल्या फेलोंशी, म्हणजे कॉलेजच्या प्राध्यापकमंडळींशी, त्यांचं अजिबात पटलं नाही, पण ती भांडणं वेगळी.

हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरचं 1947 चं पुस्तक गाजलं, कारण 1945 मध्ये ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी त्यांनीच तो तपास केला होता. मूळ धंदा मात्र सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्लंड. पहिलं पुस्तक 1940 चं, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचे आर्चबिशप लॉड यांच्यावर. सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या इंग्लंडच्या यादवी युद्धावरचा मोठा ग्रंथ त्यांच्याकडून कधी पुरा झाला नाही, हेही कबूल. फॉरवर्डवाल्याला नावंच ठेवायची होती तर 1963 मधलं त्यांचं विधान घ्यायचं होतं, आफ्रिकेला युरोपियनांखेरीज इतिहास नाही, उरलेला बहुतेक अंधार, असं सांगणारं. ते खरोखर लाजिरवाणं आहे. पण त्यासाठी वाचावं लागतं.

आता ‘इतिहासकारांचं ऐकायचं कशाला’. कारण ते एकमेकांनाही सोडत नाहीत. याच यादवीवरचा वाद बघा. इतिहासकार रिचर्ड टॉनी यांनी 1941 मध्ये मांडलं की यादवीच्या आधीच्या शतकात जुने सरदार खचले आणि जेंट्री, म्हणजे त्यांच्या खालचे जमीनदार, वर आले. 1948 मध्ये लॉरेन्स स्टोन या इतिहासकाराने एका लेखात सरदारांच्या कर्जाचे आकडे काढून त्याला दुजोरा दिला: पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातले सरदार दिवाळखोरीच्या काठावर. 1951 मध्ये ‘इकॉनॉमिक हिस्टरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात ट्रेव्हर-रोपर यांनी तो लेख अक्षरशः सोलून काढला. ज्या रोख्यांच्या नोंदींवर स्टोन विसंबले, त्यांवर लिहिलेली रक्कम कर्जाची नव्हतीच. ती करार मोडल्यास भरायच्या दंडाची, साधारण कर्जाच्या दुप्पट. काही रोखे तर कर्जाचेही नव्हते, नुसती हमी. म्हणजे आकडे फुगलेले आणि सरदारांचं दिवाळं कागदावरचं. भाषा इतकी जहरी की आजही वाचताना स्टोन यांची कीव येते.

स्टोन यांनी पुढच्याच वर्षी मांडणी सुधारून छापली आणि 1965 मध्ये सरदारवर्गावर जाडजूड ग्रंथ काढला. आणि ट्रेव्हर-रोपर? त्यांनी 1953 मध्ये टॉनींच्या उलट सिद्धांत मांडला की छोटे जमीनदार खचत होते आणि त्या वैतागातून यादवी पेटली. 1958 मध्ये जॅक हेक्स्टर या आणखी एका इतिहासकाराने टॉनी आणि ट्रेव्हर-रोपर या दोघांनाही एकाच लेखात फैलावर घेतलं. त्या वेळी ट्रेव्हर-रोपर ऑक्सफर्डच्या सर्वांत मानाच्या खुर्चीत होते. हेक्स्टर यांनी त्याची पर्वा केली नाही.