लेट बाबा

सहावीतल्या आमच्या कन्येला इंग्रजीत ‘माय फॅमिली’वर दहा ओळी लिहायच्या होत्या. त्यातली पाचवी ओळ होती, ‘माय लेट फादर वर्क्स इन हिंजवडी.’ तिचं लॉजिक चोख होतं, टॉल फादर चालतो, फॅट फादर चालतो (तो चौथ्या ओळीत होताच), आणि बाबा रोज लेट येतात, मग लेट फादर का नाही चालणार?

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की साडेपाचला पालकसभा आहे आणि मी भूमकर चौकात एका डंपरच्या मागे उभा आहे.

तिकडे बायको एकटीच मॅडमसमोर. मॅडम साताऱ्याच्या, बायको सांगलीची आणि शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे दोघी अर्थातच इंग्रजीत. मॅडमनी मिस्टरांचं विचारलं, तर ही म्हणाली, ‘ही इज लेट.’ मॅडमचा चेहरा एकदम पडला, त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली हिच्याकडे सरकवली आणि हळूच म्हणाल्या, ‘आय नो. शी हॅज रिटन अबाउट इट.’ हिला वाटलं कार्टीने घरातलं सगळं शाळेत सांगितलं वाटतं, म्हणून फणकाऱ्याने म्हणाली, ‘ॲज ऑलवेज!’

आता माणूस वारतो तो एकदाच. नेहमीप्रमाणे कसा वारेल? मॅडम याचा विचार करतायत तेवढ्यात मी धापा टाकत दारात हजर, वर तोंडाने ‘सॉरी, आय ॲम लेट’.

मग सगळा उलगडा झाला आणि मॅडमनी (आता मराठीत) समजावून सांगितलं. लेट हे विशेषण माणसाच्या आधी बसलं की माणूस गेला, आणि ‘इज’च्या नंतर आलं की माणूस नुसता ट्रॅफिकमध्ये. पण लेट ब्रेकफास्ट म्हणजे दिवंगत नाश्ता नाही, आणि लेटला ‘ली’ लावलं की उशिराने असं न होता ‘हल्ली’ होतं, हे तर मला माहीतच नव्हतं. मी कित्येक वर्षं मॅनेजरला ‘टुडे आय विल कम लेटली’ असं मेल करतोय आणि तो बिचारा ओके लिहितोय. घरी येऊन जरा शोधाशोध केली तर कळलं की बोट्स्वानाकडच्या इंग्रजीत ‘ही इज लेट’ म्हणजे खरोखरच गेले. म्हणजे तिथे असतो तर बायकोच्या तोंडूनच माझा निकाल लागला असता. आणि जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच मुळी मंद, सुस्त असा होता म्हणे. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आपलं मराठी बघा किती समजूतदार. ‘मला उशीर झाला.’ उशीर हे नाम, तो बाहेरून आला आणि मला झाला, जशी सर्दी होते तसा. यात माझा काय दोष? इंग्रजीत मात्र ‘आय ॲम लेट’, म्हणजे अख्खा मीच लेट, आणि असे तीन लेट मार्क झाले की आमच्याकडे अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. सर्दी झाली म्हणून कुणी कापतं का?

या शब्दाने मला आधीही एकदा गंडवलंय. बाबा गेल्यावर बँकेत फॉर्म भरताना सगळे लिहितात तसं मीही त्यांच्या नावाआधी ‘एलटी’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘लेफ्टनंट का? मिलिटरी पेन्शन असेल मग?’ बाबा एसटीत कंडक्टर होते. पहाटे साडेपाचच्या पहिल्या गाडीला पाच वाजता डेपोत हजर, उभ्या नोकरीत एकदाही लेट नाही. मी तिथेच ते खोडलं आणि देवनागरीत ठसठशीत ‘कै.’ लिहिलं.

असो. वही परत आली. मॅडमनी लाल पेनने ‘लेट’ला गोल केलाय आणि खाली दुरुस्त वाक्य पाच वेळा लिहून आणायला सांगितलंय. कन्येने सुवाच्य अक्षरात पाच वेळा लिहिलं, ‘माय फादर इज ऑलवेज लेट.’ त्याच्याखाली पालकांची सही हवी होती. बायको म्हणाली, तुम्हीच करा.

केली.