भरल्या वांग्यांचं बटण

संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्या माणसाला ‘गाणं जरा थांबव’ असं सांगू नये. सांगितलंच, तर पुढच्या दोन-तीन गाण्यांची मानसिक तयारी ठेवून सांगावं.

नव्या कीबोर्डवर प्ले-पॉजचं बटण आहे. ते दाबलं की व्हीएलसी या प्लेअरमधलं गाणं थांबावं, एवढंच मागणं. गाणं चालूच राहिलं आणि वर ब्राउझरच्या कुठल्याशा टॅबमध्ये अर्धवट सोडलेला भरल्या वांग्यांचा व्हिडिओ सुरू झाला. लिनक्सवरचे प्लेअर एमप्रिस नावाच्या व्यवस्थेत नाव नोंदवून बसतात, आणि ब्राउझरही तिथे प्लेअर म्हणून मिरवतो.

बटण नेमकं काय बोलतं ते ऐकायला टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक्सईव्ही चालवलं. कीबोर्ड-माउसची प्रत्येक हालचाल लिहून दाखवणारा हा प्रोग्राम. एक पांढरी खिडकी उघडते आणि तिच्यावरून माउस नुसता सरकला तरी ओळींचा पाऊस. त्यात नाव सापडलं: एक्सएफ८६ऑडिओप्ले. यातलं ‘एक्सएफ८६’ हे एक्सफ्री८६ या जुन्या प्रकल्पाचं उरलेलं. एक्स, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारी व्यवस्था, तिथे बनायची. २००४ साली लायसन्सवरून वाजलं, बहुतेकांनी एक्स.ऑर्ग या दुसऱ्या प्रकल्पाकडे बिऱ्हाड हलवलं. बटणं अजून जुन्याच घराचं आडनाव लावतात.

आकड्यांची तऱ्हा याहून वरताण. प्रत्येक बटणाला एक क्रमांक असतो. आवाज वाढवायचं बटण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लेखी ११५, एक्सच्या लेखी १२३. एक्सने ० ते ७ राखून ठेवलेत, म्हणून सगळ्यांत ८ मिळवायचे. वर मर्यादा २५५ची. माइक बंद करायचं बटण कर्नलमध्ये २४८. करा बेरीज! एका आकड्याने बिचारं बाहेर. मग ते एफ-२० असल्याची बतावणी करून आत शिरतं. आमच्या कीबोर्डवर एफ-१२ च्या पुढे काही नाही, पण तो मुद्दा कोणी काढत नाही.

“अरे, त्या गाण्याच्या खिडकीतच दोन उभ्या रेघा आहेत, त्यावर टिचकी मार की,” आई म्हणाली.

थांबलं असतं. पण आता प्रश्न तत्त्वाचा होता.

प्ले बटण ग्नोमने, म्हणजे माझ्या लिनक्सच्या डेस्कटॉपने, आधीच स्वतःकडे ठेवलंय, म्हणून वेगळा शॉर्टकट करायला गेलो. सुपर-पी (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) घ्यावं, तर ते मॉनिटर बदलायला दिलेलं. अखेर सुपर-एफ९ वर प्लेअरसीटीएल या, प्लेअरना हुकूम सोडणाऱ्या प्रोग्रामची आज्ञा बसवली, खास व्हीएलसीचं नाव घालून. गाणं थांबलं! प्ले बटण वांग्यांना सोडून दिलं.

कोपऱ्यात कॅल्क्युलेटरचं चित्र असलेलं एक बटण होतं. म्हटलं, आता हेही बसवू. दाबून पाहिलं, तर कॅल्क्युलेटर उघडला. काहीही न करता. मला जरा अपमानच वाटला.